कुंडीतली मिरची, नाशिकची थंडी आणि एका सकाळचे पोहे

आजचा भाग मिरचीवर आहे. मिरच्यांवर नाही हं, मिरचीवर. शेवटी एकच उरली, म्हणून एकवचन.

आधी थोडं मागचं सांगते. माझी आजी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहायची. खानदेशात मिरचीला भाजीत टाकायची वस्तू समजत नाहीत, मिरचीचीच भाजी करतात, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. आजीच्या परसात दरवर्षी मिरचीची पाच-सहा झाडं असायची. आखूड, जाडसर, टोकाला जराशी वाकडी मिरची. नाव काय तिचं? काहीच नाही. आजी म्हणायची "घरची मिरची", बस्. दुकानातलं बी तिने कधी आणल्याचं मला आठवत नाही. दरवर्षी एक-दोन मिरच्या झाडावरच लाल होऊ द्यायच्या, वाळवायच्या, बी काढून पुडीत बांधायचं. तिच्या सासूने तेच केलं होतं.

गेल्या पावसाळ्यात आजी गेली. सप्टेंबरमध्ये आई आणि मावशी घर आवरायला गेल्या, तेव्हा मिसळणाच्या डब्यामागे एक पुडी सापडली. दिनदर्शिकेच्या पानाची. मार्चचं पान, तीन वर्षांपूर्वीचं. म्हणजे शेवटची दोन-तीन वर्षं गुडघ्यांमुळे आजीने मिरची लावलीच नव्हती आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं. पुडीत अकरा बिया. आईने त्या मला दिल्या, कारण घरात "झाडांचं वेड" मला आहे असा सगळ्यांचा समज आहे. माझं वेड म्हणजे नाशिकच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार कुंड्या आणि एक मरायला टेकलेला मनी प्लांट.

आता अडचण लक्षात घ्या. घरातल्या साध्या पुडीत मिरचीचं बी दोन-तीन वर्षं बरं राहतं, पुढे दरवर्षी उगवण घटत जाते. त्यामुळे अजून वर्षभर थांबायची माझी हिंमत होईना. आणि सप्टेंबरमध्ये कुंडीत लावलं तर फुलं कधी येणार? नोव्हेंबरच्या शेवटी. नाशिकमध्ये नोव्हेंबरच्या शेवटी काय असतं, हे पहाटे गंगापूर रोडला फिरायला जाणाऱ्यांना विचारा. स्वेटर, कानटोपी आणि चहाच्या टपरीवर गर्दी.

तरी लावलं. बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या, ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घातल्या आणि डबी ठेवली वायफायच्या राउटरवर. हसू नका. मिरचीच्या बीला उगवायला २५ ते ३० अंश उब लागते आणि आमच्या घरात चोवीस तास गरम असलेली तीच एक जागा आहे. बारा दिवसांनी अकरातल्या तीन बिया फुटल्या. बाकीच्या आठ अजून आठवडाभर ठेवल्या, पण त्यांना बुरशी आली.

तिघांतलं एक रोप चार पानांवर असताना बुडातून कोलमडलं. मर रोग. माती सतत ओली ठेवली की होतो. राहिली दोन. ऑक्टोबरच्या शेवटी ती दोन वेगवेगळ्या बारा इंची कुंड्यांमध्ये लावली. निम्मी माती, बाकी शेणखत, कोकोपीट आणि थोडी वाळू.

आता जरा विज्ञान. कंटाळू नका, पुढचं सगळं यावर आहे.

मिरची मुळात आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली, मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आली. त्याआधी आपले पूर्वज तिखटासाठी मिरी, आलं, पिंपळी यांवर भागवत होते. (ठेच्याशिवाय महाराष्ट्र, कल्पना करा.) तर हे झाड उबदार देशातलं. दिवसा २० ते ३० अंश, रात्री १६ ते २० असं असेल तर खूश. रात्र पंधराच्या खाली गेली की वाढ मंदावते. दहा-बाराच्या आसपास परागकण नीट काम करत नाहीत. मग एक तर फूल गळतं, नाही तर फळ धरतं पण आत बी नसतं. हे वाक्य डोक्यात ठेवा, मला पुढे चांगलंच महागात पडलं.

आणि लाल होणं? हिरव्या मिरचीतलं हरितद्रव्य मोडत जातं आणि लाल रंगद्रव्यं तयार होतात, त्यातलं मुख्य कॅप्सँथिन. या कामालाही उब लागते. फळ धरल्यापासून लाल व्हायला एरवी दोन महिने धरा. थंडीत तेच काम तीन महिनेही खातं. सलग थंडी असेल तर मिरची पूर्ण वाढून हिरवीगार लटकत राहते आणि तुम्ही रोज सकाळी तिच्याकडे बघत राहता.

तुम्ही म्हणाल, मग हिरवीच तोडून बी काढायचं. तिथेच तर गोम आहे. हिरव्या मिरचीतलं बी बहुतेक कच्चं असतं. भरवशाचं बी हवं तर मिरची झाडावरच पिकायला हवी. केळ्याबरोबर पिशवीत बांधून ठेवायचा उपायही फारसा चालत नाही. केळं, टोमॅटो तोडल्यावर पिकतात, मिरची त्या जातकुळीतली नाही. रंग बदलायला सुरुवात झाल्यावर तोडली तर उबदार खोलीत पुढची लाल होते, पण ठार हिरवी तोडलेली बहुधा सुरकुततेच. आणि लाल व्हायला म्हणून फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. सात अंशांच्या खाली तिला खड्डे पडतात, आतलं बी काळवंडतं.

तर आमच्या गॅलरीत डिसेंबर उजाडला. दोन्ही झाडं गुडघ्याएवढी, फुलं भरपूर. मी रोज सकाळी मोजायची आणि रोज फरशीवर पाच-सहा पडलेली असायची. देठासकट. मी घाबरून खत घातलं, अजून पाणी घातलं. संध्याकाळी ऑफिसमधून आले की आधी झाडांना पाणी, मग स्वतःला चहा. प्रेमाने केलं हो सगळं. आठवडाभरात धाकट्या झाडाची पानं पिवळी पडली आणि माती ओली असूनही झाड मलूल. तेव्हाही मला वाटलं, पाणी कमी पडतंय! अजून घातलं. चौथ्या दिवशी झाड उपटलं तर मुळं तपकिरी, चिकट, वास मारणारी. मुळकूज.

थंडीत झाड पाणी कमी पितं, कुंडीतली माती सुकत नाही, त्यात संध्याकाळचं गार पाणी रात्रभर मुळांशी साचून राहतं. जमिनीतल्या झाडाला खालच्या मातीची उब असते. कुंडीला चारही बाजूंनी वारा लागतो आणि खालून फरशी गार. म्हणजे बाहेर दहा अंश तर मुळांनाही जवळपास तेवढेच. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आज दोन झाडांची गोष्ट सांगत असते.

त्या रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "जाऊ दे गं, झाडच आहे." मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही. मग तीच म्हणाली, "तुझ्या मामाला विचार."

मामाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. निफाडचं तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत असतं, पाच-सहा अंश वगैरे. द्राक्षाचे मणी थंडीने तडकू नयेत म्हणून तिकडचे शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी देतात. मामा फोनवर आधी पोट धरून हसला. "एका मिरचीसाठी?" मी पुडीचं सांगितलं. तो आजीचा धाकटा मुलगा. हसायचा थांबला. म्हणाला, "फोटो पाठव. कुंडी कुठे ठेवलीय तेही दिसू दे."

मग मामाने जे जे सांगितलं आणि मी जे केलं ते ऐका.

पहिलं म्हणजे कुंडी फरशीवरून उचलली आणि दोन विटांवर ठेवली, विटांवर थर्माकोलचा तुकडा. कुंडीभोवती पोत्याचं गोणपाट गुंडाळलं. पाणी फक्त सकाळी नऊनंतर, तेही बोट मातीत दोन पेरं घालून कोरडं लागलं तरच, आणि नळाचं बर्फासारखं नाही, कोमट करून. खत बंद. थंडीत मुळं खत उचलत नाहीत, उगाच मातीत साचतं. पानांवर जांभळट झाक आली होती, मी फॉस्फरस कमी पडतोय म्हणून काहीतरी विकत आणणार होते. मामा म्हणाला, "मातीत आहे गं सगळं, गारठ्याने मुळं घेत नाहीयेत. उब दे, आपोआप जाईल." आणि फेब्रुवारीत खरंच गेली.

दुसरं, ऊन. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो हे भूगोलात शिकलो होतो, पण गॅलरीत त्याचा अर्थ असा की जिथे ऑक्टोबरमध्ये सकाळभर ऊन होतं, तिथे आता समोरच्या बिल्डिंगची सावली. एका रविवारी मी तासातासाला खडूने फरशीवर उन्हाची रेघ मारली. शेजारच्या काकूंना वाटलं रांगोळी काढतेय. त्यातून कळलं की गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात साडेनऊ ते दीड ऊन येतं आणि दुपारी तीननंतर स्वयंपाकघराच्या खिडकीशी पुन्हा तासभर. मिरचीला सहा तास हवेत, पाच जमत होते. घेतले.

म्हणजे कुंडी रोज हलवायची. ओल्या मातीची बारा इंची कुंडी उचलून पाहा एकदा, कंबर विचारते कोण तू. इथे कामाला आली गॅस सिलिंडरची ट्रॉली! चाकांची, गोल, दीडेकशे रुपयांची. कुंडी विटांसकट तिच्यावर ठेवली. सकाळी कोपऱ्यात, दुपारी खिडकीशी, आणि कडाक्याच्या रात्री हॉलमध्ये. स्लाइडिंगच्या पट्टीवरून चाकं जात नाहीत, तिथे एक फळी टाकायची.

तिसरं, क्रॉप कव्हर. भाजीवाले शेतकरी रोपांवर जे पांढरं, हलकं कापड टाकतात ते. कृषी सेवा केंद्रात मिळतं, मला दुकानदाराने उरलेला तुकडा तसाच दिला. चार काठ्या रोवून झाडावर तंबू केला, संध्याकाळी पाचला झाकायचा, सकाळी उघडायचा. आत कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या सहा बाटल्या, काळा रंग मारून पाण्याने भरलेल्या. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. दिवसभर उन्हात तापलेल्या बाटल्या रात्री तंबूत उब सोडत राहतात. मी ऑनलाइन मागवलेला साधा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून बघितला. बाहेर साडेनऊ तेव्हा आत बारा. अडीच अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण दहाच्या खाली आणि बाराच्या वर यात झाडासाठी फार फरक आहे. काही जण आत बल्ब लावतात. कापड बल्बला टेकलं तर आग लागेल, त्यामुळे मी त्या वाटेला गेले नाही.

आणि चौथं, फुलं. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण त्याला थोडा हलता वारा, एखादी माशी लागते. थंडीत माश्या नाहीत आणि मी झाडाला तंबूत कोंडलेलं. म्हणून रोज अकराच्या सुमारास, ऊन तापल्यावर, प्रत्येक फुलाला बोटाने हलकी टिचकी. ऑफिस घरून असेल त्या दिवशी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून हे काम. एक फायदाही होता. मधमाशी येत असती तर शेजारच्या काकूंच्या ढोबळी मिरचीचा पराग इकडे आला असता आणि आजीची मिरची आजीची राहिली नसती. बी धरायचं असेल तर फुलावर जाळीची छोटी पिशवी बांधतात ती याचसाठी.

तीसेक फुलांतून चार फळं धरली. चार! मी त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. मावशीने हात जोडलेले इमोजी पाठवले.

मग जानेवारी. मामाने नवीन कळ्या आणि शेंडे खुडायला सांगितले, म्हणजे झाडाची सगळी ताकद आहे त्या चार फळांत जाईल. नख लावताना जीव खालीवर होत होता. त्यातलं एक फळ आधीच्या पाण्याच्या धक्क्यातून सावरलं नाही, देठ पिवळा पडून गळलं. उरली तीन.

आणि मग तो शनिवार. मी सकाळी उशिरा उठले, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. माझी रूममेट, फार गुणी मुलगी, तिने सगळ्यांसाठी पोहे केले होते. म्हणाली, "मिरच्या संपल्या होत्या, गॅलरीतली एक घेतली. काय तिखट आहे गं, मस्त!"

मी काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. ती बिचारी रडकुंडीला आली. तिला मी पुडीची गोष्ट कधी सांगितलीच नव्हती, तिच्यासाठी ती गॅलरीतली मिरची होती. मी ताटातून मिरचीचे तुकडे वेचून बघितले. पांढऱ्या, लुसलुशीत, कच्च्या बिया. पोहे खाल्ले. आणि खरं सांगू? तो आजीच्या ठेच्याचाच तिखटपणा होता, आधी काही नाही आणि मग कानापर्यंत. मला त्या क्षणी तो आवडला याचा रागही आला. त्या दिवसापासून रूममेट स्वतःहून रोज सकाळी ट्रॉली ढकलायची, मी उठायच्या आधी.

उरली दोन. एक लहान, पिळवटलेली, दुसरी छान भरलेली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मोठीवर काळे-जांभळे पट्टे आले आणि मी नाचले, पिकायला लागली! नाही. थंडी आणि ऊन एकदम लागलं की मिरचीच्या सालीवर असा जांभळट रंग चढतो, त्याचा पिकण्याशी संबंध नाही. खरं पिकणं वेगळं दिसतं. हिरवा रंग आधी मळकट, चॉकलेटी होतो आणि मग त्यातून लाल वर येतो.

तो चॉकलेटी रंग आधी आला लहान मिरचीवर. जानेवारीच्या शेवटी ती पूर्ण लाल झाली. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, मिरची कागदावर ठेवली आणि उभी चिरली. आत पांढरी शीर आणि तिला चिकटलेले चार चपटे, कागदासारखे पापुद्रे. बी नाही. मघाशी सांगितलं ना, थंडीत परागाने काम केलं नाही तर फळ पोकळ येतं. पिळवटलेला आकार हीच त्याची खूण होती, मला वाचता आली नाही. आई म्हणाली, "दुसरी आहे ना अजून?" आहे. एकच आहे.

पुढचे सोळा दिवस मी फार वाईट माणूस होते. रूममेटच्या मित्राला गॅलरीत सिगारेट ओढू दिली नाही, काकूंच्या मांजरावर पाळत ठेवली. फेब्रुवारीत नाशिकचं ऊन पालटतं, दुपारी तिशी गाठायला लागते, रात्री तेरा-चौदा. क्रॉप कव्हर काढलं. उब आली तसे फुलकिडेही आले, शेंड्याची पानं वाटीसारखी वळायला लागली. शेतकरी याला चुरडामुरडा म्हणतात. वळलेले शेंडे खुडले, कडुनिंबाच्या तेलात साबणाचे दोन थेंब घालून पानांच्या मागून फवारलं, मिरचीला प्लॅस्टिकची पिशवी घालून.

१४ फेब्रुवारीला सकाळी देठाजवळचा शेवटचा हिरवा पट्टा गेला. हो, १४ फेब्रुवारीलाच, मी मुद्दाम ठरवलं नव्हतं. तरी तोडली नाही. मामा म्हणाला, "लाल झाल्यावर आठवडाभर झाडावरच राहू दे, बी भरतं." आठवडाभर राहू दिली. मग तोडली, दोऱ्याने बांधून सावलीत, पंख्याखाली टांगली. उन्हात नाही. नंदुरबारला पथाऱ्यांवर मिरच्या उन्हात वाळतात त्या तिखटासाठी. बियाणाची मिरची सावलीत.

मार्चच्या पहिल्या रविवारी आई नाशिकला आली. मी हातमोजे आणले होते, तिने साध्या हातांनीच सोलली. सत्तावन्न बिया निघाल्या. नऊ तपकिरी, त्या बाजूला काढल्या. अठ्ठेचाळीस पिवळसर, चपट्या, टणक. आईने त्या तीन ढिगांत वाटल्या, मामा, मावशी आणि मी. मग तिने पर्समधून दिनदर्शिकेचं फेब्रुवारीचं पान काढलं, घरून निघतानाच फाडून आणलेलं, आणि पुड्या बांधायला बसली. बोलली काही नाही. एक पुडी बांधताना मध्येच थांबून तिने डोळे पुसले आणि मग ओरडलीच, कारण हात मिरचीचेच होते. मी दूध आणायला पळाले.

माझ्या वाट्याच्या सोळातल्या सहा बिया मी त्याच रात्री भिजवल्या. आज राउटरवर नवव्या दिवशी दोघींना मोड आलेत. झाडही अजून आहे, अर्ध्यापर्यंत छाटलंय, बुंध्याशी नवे फुटवे दिसतायत. मिरचीचं झाड खरं तर दोन-तीन वर्षं जगतं, आपणच एका हंगामात उपटतो.

चला, कुकरची शिट्टी झाली, रूममेट हाका मारतेय. पुढच्या भागात भेटू, तोपर्यंत काळजी घ्या. आणि कुणाच्या गॅलरीतली मिरची तोडायच्या आधी विचारा बरं का.